यादीतल्या झाडांचे नमुने ठेवायचे की फोटो पुरेत? (बडोदा परिसर)

कण्हेर:
मंडळी, बडोदा, वाघोडिया आणि डभोई या तीन तालुक्यांतल्या फुलझाडांची यादी आमच्या गटाने करायला घेतली आहे. यादी छापायची आहे. प्रत्येक झाडाचे बरे फोटो आहेत, अक्षांश-रेखांश आहेत. पण गटात दोन तट पडलेत. काही म्हणतात, आता कॅमेरे इतके चांगले झालेत की झाड तोडून, दाबून, वाळवून ठेवायचं कारण उरलं नाही. बाकीचे म्हणतात, नमुना नसेल तर यादी म्हणजे फक्त आपला शब्द. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण अडचणी खऱ्या आहेत: ऐन पावसाळ्यात वाळवायचं कसं, कीड आवरायची कशी, आणि शेवटी हे सगळं ठेवायचं कुठे? जाणकारांनी सविस्तर लिहावं. प्राण्यांवर काम करणाऱ्यांनीही लिहा.

वढवाणा_पहाट:
पक्ष्यांच्या बाबतीत तरी फोटो आणि आवाजाचं रेकॉर्डिंग पुरतं. वढवाणा तळ्यावर येणाऱ्या बदकांची नोंद करायला कोणी बदक मारत नाही. झाडांना वेगळा न्याय का?

टिपकागद:
वेगळा न्याय याच्यासाठी की झाडाची ओळख बऱ्याचदा फोटोत न दिसणाऱ्या भागावर ठरते. आपल्याकडच्या मुरमाड पडीक जमिनीवरची दोन झाडं घ्या, कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस आणि इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. पहिली शंखपुष्पी म्हणून विकली जाते, दुसरी विष्णुक्रांता. दोन्ही जमिनीलगत पसरतात, दोन्हींची पानं केसाळ. फुलं ताजी असताना रंग मदतीला येतो, पहिलीची पांढरट-गुलाबी, दुसरीची बहुधा निळी. पण फुलं दुपारपर्यंत मिटतात, आणि मिटलेल्या फुलाच्या फोटोवरून काहीच ठरत नाही. खात्रीची खूण आत आहे. कॉन्व्हॉल्व्ह्युलसला कुक्षिवृंत, म्हणजे अंडाशयावरची दांडी, एकच, त्याच्या टोकाला दोन लांब बारीक कुक्षी, म्हणजे पराग धरणारी टोकं. इव्हॉल्व्ह्युलसला कुक्षिवृंत दोन आणि प्रत्येक पुन्हा दुभंगलेला. वाळलेलं एक फूल कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवलं, सुईने उघडलं आणि भिंगाखाली धरलं की मिनिटभरात निकाल. शंभर वर्षांनीसुद्धा. फोटोतलं फूल भिजवता येत नाही.

आणि हे फक्त आजच्या शंकेपुरतं नाही. उद्या कोणी एका जातीच्या तीन जाती केल्या, तर तुमच्या यादीतलं नाव त्या तिन्हींपैकी नेमकं कोणाचं हे नमुना असेल तरच सांगता येईल. नाहीतर ती ओळ पुढच्या प्रत्येक लेखकाला सोडून द्यावी लागते.

खलबत्ता:
टिपकागदांनी शंखपुष्पीचं उदाहरण दिलं म्हणून लिहितो. बाजारात शंखपुष्पी या नावाखाली चार वेगवेगळ्या वनस्पती मिळतात: वरच्या दोन, शिवाय गोकर्ण आणि कॅन्स्कोरा. चौघींची कुळं तीन, घटकद्रव्यं वेगळी. औषधनिर्माणाच्या प्रबंधांत मात्र 'स्थानिक बाजारातून खरेदी, तज्ज्ञांकडून ओळख पटवली' एवढंच वाक्य असतं. कुठला नमुना, कुठे ठेवला, क्रमांक काय, काही नाही. मग उंदरांवरचा सगळा प्रयोग कोणत्या झाडावर झाला हे कोणालाच पडताळता येत नाही. निकाल जुळला नाही तर चूक पद्धतीत की झाडात, तेही कळत नाही.

या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या. ज्या झाडावरून माल काढला त्याच झाडाची फुलाफळासकट शीट (कागदावर लावलेला वाळवलेला नमुना) करा. आणि प्रत्यक्ष वापरलेल्या मालापैकी मूठभर, न दळता, हवाबंद बरणीत त्याच क्रमांकाने ठेवा. नुसती पूड ठेवू नका. पुडीत सूक्ष्मदर्शकाने केस, तंतू, स्फटिक दिसतात खरे, पण मुळाचा तुकडा किंवा साल अखंड असेल तर आडवा छेद घेता येतो.

सुरवंट:
+१ टिपकागद. कीटकांत तर हे रोजचं आहे. कित्येक भुंगेरे आणि पतंग नराच्या जननेंद्रियांवरूनच ओळखता येतात. पोट वेगळं करून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, तपासून झालं की ग्लिसरीनच्या थेंबासह इवल्या कुपीत घालायचं आणि कुपी त्याच टाचणीला खाली अडकवायची. फोटोवरून असली जात सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो.

वढवाणा_पहाट:
पटलं, झाडं आणि कीटकांपुरतं. पण कोणी खोटा नमुनाच ठेवला तर? कागदावरची चिठ्ठी काय कोणीही लिहील.

पिसारा:
हा प्रश्न पक्षीवाल्याने विचारला हे बरं झालं, कारण याचं सगळ्यांत मोठं उदाहरण पक्ष्यांतलंच आहे आणि आपल्या शेजारचं. रानपिंगळा, एक छोटं घुबड. एकोणिसाव्या शतकात गोळा केलेली त्याची मोजकीच कातडी जगातल्या संग्रहालयांत होती. त्यानंतरची एकच नोंद, रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याची: गुजरात, मांडवी, १९१४. पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञांनी ते कातडं बारकाईने तपासलं. आधी एकदा तयार केलेलं कातडं उसवून पुन्हा भरलेलं होतं, आणि मूळ तयार करण्याची ढब जेम्स डेव्हिडसन या जुन्या संग्राहकाच्या हातची होती. म्हणजे दुसऱ्याचा नमुना उचलून त्यावर स्वतःची चिठ्ठी लावलेली. मांडवीची नोंद बाद केल्यावर शोधायच्या जागा बदलल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत सापडला.

चिठ्ठी खोटी होती, तरी कातडं खरं बोललं. नुसती लेखी नोंद असती तर ती आजही पुस्तकांत तशीच राहिली असती.

रावपुरा:
मांडवी म्हणजे आपल्या मांडवी दरवाजापाशी? तिथे तर घुबडापेक्षा रिक्षा जास्त :)

पिसारा:
नाही काका, तापीकाठची, सुरत जिल्ह्यातली मांडवी. कच्छची पण नाही. आणि यावरून एक कामाची गोष्ट लक्षात घ्या. गावाचं नाव एकटं कधी लिहू नये. राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव, आणि गावापासून दिशा नि अंतर.

टिपकागद:
पिसारांचा मुद्दा पुढे नेतो. लेबल साधारण असं असावं:

गुजरात, जि. वडोदरा, ता. वाघोडिया. अमुक गावाच्या पूर्वेला १.५ किमी, तळ्याचा उत्तर बांध. अक्षांश-रेखांश दशांशात, डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा नेहमीचा आधार), अचूकता ±१५ मी. मुरमाड पडीक, सोबत बोर आणि कुसळी गवत. पसरणारी बहुवर्षायू, मूळ जाड, फुलं पांढरी, घसा पिवळसर, संख्या भरपूर. तारीख, महिना अक्षरांत. संग्राहकाचं नाव आणि त्याचा सलग क्रमांक.

महिना अक्षरांत अशासाठी की ५/७ म्हणजे पाच जुलै की सात मे हे परदेशातल्या वाचकाला कळत नाही. फुलाचा रंग, वास, चीक, झाडाची उंची, सालीचं रूप, हे सगळं वाळल्यावर नाहीसं होतं, म्हणून ते जागेवर लिहायचं. वाळलेल्या नमुन्यावरून कळणाऱ्या गोष्टी लिहिण्यात जागा घालवू नका. संग्राहकाचा क्रमांक आयुष्यभर एकच मालिका चालवायची, दर वर्षी १ पासून सुरू करायची नाही. एका वेळी एका जागी एका झाडावरून घेतलेल्या सगळ्या प्रतींना एकच क्रमांक.

ओळख बदलली तर जुनं नाव खोडायचं नाही. नव्या नावाची छोटी चिठ्ठी शेजारी डकवायची, त्यावर नाव, ओळखणारा आणि वर्ष. जुनी चूकसुद्धा माहिती असते. त्या नावाने छापलेल्या जुन्या यादीचा माग तिच्यावरूनच लागतो.

कण्हेर:
फारच उपयोगी. आता वाळवण्याबद्दल सांगा ना. जुलै-ऑगस्टमध्ये रद्दी बदलली तरी दोन दिवसांत पांढरी बुरशी येते.

टिपकागद:
बुरशी येते कारण ओल कागदात जाते पण कागदातून बाहेर पडत नाही. दमट हवेत टिपकागद स्वतःच ओला असतो. म्हणून पावसाळ्यात तीन गोष्टी कराव्या लागतात.

पहिली, थरांची रचना. लाकडी पट्ट्यांची चौकट साधारण ४५ × ३० सेंमी. तिच्यात नालीदार पुठ्ठा, टिपकागद, नमुना असलेला रद्दीचा घडीचा कागद, टिपकागद, पुन्हा पुठ्ठा, असे थर. पुठ्ठ्याच्या नाल्या आखूड बाजूला समांतर हव्यात, म्हणजे गरम हवेला आरपार जायला अंतर कमी. पट्टे घट्ट आवळा, आणि दर काही तासांनी परत आवळा, कारण झाडं वाळताना आटतात, पकड सुटते आणि पानं सुरकुततात.

दुसरी, ऊब. चौकट उभी करून खाली ६० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे तारेचे दिवे, चारी बाजूंनी कापडाचा पडदा, वर मोकळं. एलईडी दिवे चालणार नाहीत, ते पुरेसे तापत नाहीत. थर्मामीटर आत ठेवा, ४० ते ४५ अंश सेल्सिअस धरा. ६० च्या पुढे गेलं की पानं तपकिरी पडतात, ठिसूळ होतात आणि डीएनएची वाट लागते. बहुतेक झाडं दीड-दोन दिवसांत वाळतात. कापड आणि दिवा यांत वीतभर अंतर असूच द्या, आणि रात्री लक्ष ठेवायला कोणी नसेल तर बंद करा.

तिसरी, पहिली उलटापालट. २४ तासांनी प्रेस, म्हणजे ही आवळलेली चौकट, उघडा. तेव्हा झाड मऊ पडलेलं असतं पण वाळलेलं नसतं, पानं हवी तशी फिरवता येतात. निदान एक पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल. फुलं एक-दोन उघडून पसरा. हा दिवस चुकला की मग पान मोडतं, वळत नाही.

वाळलं की नाही याची परीक्षा: नमुना गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे.

सुरवंट:
गवतांबद्दल एक शब्द. मुळासकट घ्या, कापून आणलेलं गवत बऱ्याचदा ओळखताच येत नाही. लांब असेल तर नागमोडी घडी.

टिपकागद:
बरोबर. शेर, निवडुंग, घायपात असल्या मांसल झाडांना प्रेसमध्ये घालण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून मारावं लागतं, फूल सोडून. नाहीतर ती प्रेसमध्येही जिवंत राहतात आणि पानं गाळत बसतात. जाड खोड उभं चिरून आतला गर खरवडा. तळ्यातल्या नाजूक पाणवनस्पती पसरट थाळीत पाण्यावर तरंगू द्या, खालून जाड कागद सरकवा आणि कागदासकट तिरकं उचला. वढवाण्याला जाणार असाल तर हीच पद्धत. दुसऱ्या कशानेही त्यांच्या पानांचा गोळा होतो.

आणि मूळ नियम: आसपास वीस झाडं दिसली तरच एक घ्यायचं. कमी असतील तर एक फांदी, तीही नाही जमली तर एक फूल, एक पान आणि फोटो.

सिलिका:
प्रेसआधी एक काम विसरू नका. निरोगी कोवळ्या पानाचा दोन-तीन सेंमीचा तुकडा चहाच्या रिकाम्या पिशवीत घालून सिलिका जेलच्या डब्यात टाका. जेल पानाच्या वजनाच्या दहापट तरी हवं. बारा ते चोवीस तासांत पान कडकडीत वाळलं पाहिजे. मंद वाळलं तर पेशीतली विकरं (एन्झाइम) डीएनए तोडत राहतात. रंग बदलला की जेल बदला. निळं जेल गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते हाताळायला चांगलं नाही. नारिंगीचं हिरवं होणारं घ्या. पिशवीवर शीटचाच क्रमांक, पेन्सिलीने.

पुढे कोणी त्या पानातून डीएनए क्रम काढला आणि जेनबँक या डीएनए क्रमांच्या जागतिक भांडारात टाकला, तर तिथे 'स्पेसिमेन व्हाउचर' नावाचा रकाना आहे. त्यात संस्थेची खूण आणि नमुन्याचा क्रमांक भरा. हा रकाना रिकामा सोडलेले क्रम तिथे भरपूर आहेत, आणि चुकीच्या जातीच्या नावावर चढलेला क्रम दुरुस्त करायला आधार उरत नाही. इतर लोक त्याच्याशी जुळवून आपलीही ओळख चुकवत जातात.

रावपुरा:
जुन्या काळी पावसाळी दौऱ्यात झाडं दारूत भिजवून आणायचे असं वाचलंय. खरं का?

टिपकागद:
खरं. रद्दीत घातलेले नमुने जाड पॉलिथिन पिशवीत भरून त्यावर ६०-७० टक्के अल्कोहोल ओतायचं, कागद ओला होईपर्यंत, आणि तोंड बंद. काही आठवडे टिकतात, मग घरी येऊन निवांत वाळवायचे. तोटे: रंग पार जातो, पानं काळपट होतात, डीएनए खराब होतो. म्हणून सिलिकाच्या पिशव्या आधी वेगळ्या काढाव्या लागतात. शिवाय आपल्या गुजरातमध्ये अल्कोहोल म्हटलं की परवाना आलाच.

काचेची_बरणी:
परवान्याचा विषय निघालाच आहे तर मासे-बेडकांचं लिहितो, कारण आमचं सगळं कामच त्यावर चालतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे इथे इथेनॉल मोकळेपणी मिळत नाही. संस्थेच्या नावावर परवाना, साठ्याची नोंदवही, सगळं लागतं. घरी संग्रह करणाऱ्याने ओल्या नमुन्यांच्या फंदात पडूच नये. संस्थेशी आधी बोलावं आणि नमुना लवकर तिथे पोचवावा.

माशाचा क्रम असा. आधी उजव्या बाजूच्या छातीच्या परातून छोटा तुकडा ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. उजवीकडचा, कारण मोजमापं आणि चित्रं डाव्या बाजूची घेतात. मग १० टक्के फॉर्मालिन. म्हणजे बाटलीतल्या ३७-४० टक्के फॉर्माल्डिहाइडचा एक भाग आणि पाणी नऊ भाग. द्रव नमुन्याच्या दहापट तरी असावा. पोटावर उजवीकडे छोटा छेद द्या, नाहीतर आतडी आधी सडतात आणि पोट फुगून फुटतं. वीतभर मोठा मासा असेल तर सुईने आतही भरा.

साधं फॉर्मालिन काळाने आम्ल होतं आणि हाडांतलं कॅल्शियम खातं. लिटरमागे ४ ग्रॅम मोनोसोडियम फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम फॉस्फेट घातलं की तटस्थ राहतं. आठवडाभर ठेवा, मग एक-दोन दिवस पाणी बदलत धुवा, आणि ३०, ५०, ७० टक्के अशा पायऱ्यांनी इथेनॉलमध्ये न्या. एकदम ७० मध्ये टाकला तर बारीक मासे आकसतात, डोळे खोल जातात.

९५ टक्क्यांचं ७० करायचं सोपं गणित: ९५ वालं ७० मिली घ्या आणि पाणी घालून एकूण ९५ मिली करा.

कण्हेर:
बरणीतलं कमी झालं की वरून ७० टक्के ओतत राहायचं ना?

काचेची_बरणी:
इथेच बहुतेक संग्रह बिघडतात. उडून जाताना अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं. बरणीत उरतं ते ७० पेक्षा कमी टक्क्यांचं. त्यात वर्षानुवर्षं ७० घालत राहिलात तर एकूण ताकद उतरतच जाते, पातळी मात्र बरोबर दिसते. ५० च्या खाली गेलं की नमुना मऊ पडतो, बुरशी धरते. म्हणून आधी हायड्रोमीटरने मोजा आणि कमी भरलं तर ९५ टक्क्यांचं घाला. बडोद्याच्या मे महिन्यात वर्षात दोनदा तपासणी पुरत नाही, झाकणं महिन्याला बघावी लागतात. पत्र्याची झाकणं गंजतात, रबरी गास्केट चिघळतं. पॉलिप्रॉपिलीनचं झाकण आणि आत पॉलिथिनची चकती, हे बरं.

चिठ्ठी बरणीच्या आत घाला, बाहेर चिकटवलेली पडते. जाड कॉटन कागदावर पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या काळ्या शाईने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. लेझर प्रिंटरची अक्षरं काही वर्षांनी पापुद्र्यासारखी सुटतात आणि तळाला काळी भुकटी दिसते.

वढवाणा_पहाट:
इथेनॉल नाही तर आयसोप्रोपिल चालेल ना? दवाखान्यात सगळीकडे मिळतं.

काचेची_बरणी:
अडचणीत चालवतात, ५० टक्क्यांच्या आसपास. पण एकदा ज्यात ठेवलं त्यातच राहू द्या. या बरणीत हे, त्या बरणीत ते, आणि चिठ्ठीवर उल्लेख नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार. कोणत्या द्रवात फिक्स केलं (आधी टिकवलं) आणि कोणत्या द्रवात ठेवलं, दोन्ही लिहा. फॉर्मालिनमधून गेलेल्या नमुन्यातून डीएनए काढणं फार अवघड जातं, पुढच्या संशोधकाला हे आधी कळायला हवं.

कण्हेर:
झाडांच्या किडीचं राहिलं. डांबरगोळ्या पुरतात का?

टिपकागद:
नाही. डांबरगोळ्यांच्या वासाने फार तर नवी कीड जरा लांब राहते, आत शिरलेली अळी मरत नाही. शिवाय नॅप्थलीन माणसाला घातक आहे, बंद खोलीत दिवसभर बसणाऱ्यांना विशेष. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचा, खरा शत्रू म्हणजे लॅसिओडर्मा, विडी-तंबाखूत होतो तोच तांबूस भुंगेरा, तिळाएवढा. फुलं, कळ्या आणि अंजिरासारखी फळं आधी खातो. शीट झटकल्यावर बारीक तपकिरी पीठ पडलं आणि गोल भोकं दिसली तर तोच.

उपाय गोठवण्याचा. गठ्ठा जाड प्लास्टिकमध्ये हवा काढून सीलबंद, उणे १८ ते २० अंशांत दोन आठवडे. बाहेर काढल्यावर प्लास्टिक लगेच फोडू नका, दिवसभर खोलीत राहू द्या. नाहीतर आपल्या दमट हवेतली वाफ गार कागदावर जमते आणि जी बुरशी टाळायला एवढं केलं तीच येते. संग्रहात येणारा प्रत्येक नवा गठ्ठा आधी फ्रीजरमधून गेला पाहिजे, मग कपाटात. कपाटाच्या खोलीत आर्द्रता ४० ते ५५ टक्के.

जुन्या शीटांबद्दल इशारा. पूर्वी सर्रास मर्क्युरिक क्लोराइडच्या अल्कोहोल द्रावणात बुडवायचे. अशा शीटांवर काळे-राखाडी डाग दिसतात, आणि त्यांतून आजही पाऱ्याची वाफ निघते. नायट्राइलचे हातमोजे, खिडक्या उघड्या, आणि शीट हाताळताना खाणं-पिणं नाही. नव्या नमुन्यांना ते कोणीही लावू नये.

सुरवंट:
कीटकांच्या पेटीत अँथ्रेनस या भुंगेऱ्याची केसाळ अळी हेच करते. टाचणीखाली भुकटी दिसली की पेटी थेट फ्रीजरमध्ये. टाचण्या स्टेनलेसच्याच घ्या. पितळी टाचणी आणि चरबीदार पतंग एकत्र आले की धातूवर हिरवा मेणचट थर चढतो, वाढत जातो आणि शेवटी छाती आतून फोडतो. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखकवचातून, फुलपाखराला छातीच्या मधोमध.

जंगलवाट:
सगळं वाचलं, वन्यजीव कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. जांबुघोडा, रतनमहाल ही अभयारण्यं आहेत. तिथे संशोधनासाठी आत जायलाच वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली परवानगी लागते, काही गोळा करायचं तर आणखी वेगळी. अनुसूचीतल्या प्राण्यांत बरीच फुलपाखरंही येतात. परवान्याचा क्रमांक लेबलवर लिहा. विनापरवाना घेतलेला नमुना चांगली संस्था स्वीकारणार नाही, आणि नियतकालिकंही विचारतात.

विश्वामित्री नदीतल्या मगरीची नोंद हवी तर फोटो, तारीख, जागा एवढ्यावर भागवायचं. तिथे वढवाणा_पहाट यांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. मगरीच्या ओळखीत शंका नसते, म्हणून फोटो पुरतो.

रावपुरा:
मग कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा हा नमुना धरायचा की शोभेचा?

पिसारा:
चांगला प्रश्न. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला तो निळा देवमासा. जागा माहीत, वर्ष माहीत, हाडं समोर. मोजमापं घेता येतात, हाडाच्या चुऱ्यातून तपासण्या होऊ शकतात. म्हणजे लोक बघायला येतात तरी तो संशोधनाचाही नमुना आहे. उलट सुंदर काचपेटीतला पण कुठून आला याची नोंद नसलेला पक्षी फक्त बघण्यापुरता. जुन्या साठ्यातून काय निघतं याचं उदाहरण: १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधल्या जुन्या संग्रहांतली ससाण्यांची अंडी तोलून दाखवलं की कवचं १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हलकी झाली. त्यामागे डीडीटी होतं. अंडी गोळा करणाऱ्यांच्या मनात कीटकनाशक कुठे होतं?

कण्हेर:
सगळ्यांचे आभार. आता शेवटचा प्रश्न: ठेवायचं कुठे? गटातल्या एकाच्या घरी मोठं कपाट आहे.

टिपकागद:
घरी नको. माणूस गाव बदलतो, पुढच्या पिढीला त्यात रस असेलच असं नाही, आणि छापील यादीत 'अमक्यांच्या घरी' असा पत्ता देता येत नाही. महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं हर्बेरियम आपल्या गावातच आहे. इंडेक्स हर्बेरिओरम या जगभरच्या हर्बेरियमांच्या सूचीत त्याची खूण बीएआरओ. पहिला संच तिथे. आधी जाऊन विचारा: त्यांच्या शीटचा आकार काय, कोणता गोंद चालतो, किती नमुने एका वेळी घेतात, त्यांचा क्रमांक कधी मिळतो. चिकटवून नेऊ नका, वाळवून आणि लेबल करून न्या. बऱ्याच ठिकाणी त्यांना आपल्याच कागदावर, आपल्या पद्धतीने लावायचं असतं. सेलोटेप कुठेही लावू नका, त्याचा डिंक पिवळा पडून झिरपतो आणि नमुन्याला कायमचा डाग देतो.

दुसरी प्रत मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमला किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाला. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय जळालं, सप्टेंबर २०१८ मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय. प्रती वेगळ्या गावांत असतील तर एका आगीत सगळं जात नाही.

जंगलवाट:
आणि चुकून नवी जात हाती लागलीच, तर नमुना नेमलेल्या भांडारात जमा करणं ऐच्छिक नाही. जैवविविधता कायदा, २००२, कलम ३९.

वढवाणा_पहाट:
तर मग गटाला मधला मार्ग सुचवतो. वड, पिंपळ, पळस, बाभूळ असल्या झाडांना फोटो. गवतं, लव्हाळे, शेंगावर्गीय, पुनर्नवेसारखी गोंधळात टाकणारी तणं, आणि तालुक्यात पहिल्यांदा दिसलेलं काहीही, यांचा नमुना हवाच.

टिपकागद:
जवळजवळ सहमत. एकच दुरुस्ती: वड-पिंपळाचीही एकेक शीट करा. फायकसमध्ये गोंधळ कमी नाही, आणि तुमच्या यादीतली प्रत्येक ओळ एका क्रमांकाशी बांधलेली असली की वाचणाऱ्याला कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा हे निवडत बसावं लागत नाही. अंजिरवर्गीय फळ वाळवताना उभं कापा म्हणजे आतली फुलं दिसतात.

कण्हेर:
ठरलं. यादीत नावापुढे संग्राहक, त्याचा क्रमांक आणि कंसात बीएआरओ असं लिहायचं का?

टिपकागद:
हो. हर्बेरियमने दिलेला प्रवेश क्रमांक मिळाला की तोही. आणि फक्त फोटोवर घेतलेल्या नोंदीपुढे तसं स्पष्ट लिहा, फोटो कुठे ठेवलाय त्यासकट. तारेच्या दिव्यांची सोय या आठवड्यातच करून टाका, पहिल्या सरींनंतर उगवलेल्या तणांची फुलं आता येऊ लागतील.